झाकून बाळगायचे शस्त्र

परवान्याची बंदूक चारचौघांत कशी न्यायची, हे भारतात कुणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. ‘शस्त्र नियम, २०१६’ मधला ३२ वा नियम ते स्पष्ट सांगतो. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर ते त्यासाठीच बनवलेल्या, अंगाला बांधलेल्या होलस्टरमध्ये किंवा तशाच पाठपिशवीत हवे. लांब नळीची बंदूक असेल तर ती तिच्या खोळीत हवी. शस्त्र पूर्ण झाकलेले असावे आणि ज्याच्यापाशी ते आहे त्याचा त्यावर पक्का ताबा असावा. लग्नात, वरातीत, सभेत ते परजायचे नाही, हवेत बार काढायचा नाही. तसे केले तर परवान्यावर गदा येते.

अमेरिकेत शस्त्र उघडे बाळगणे आणि झाकून बाळगणे या दोन वेगळ्या बाबी मानल्या जातात. तिथल्या बऱ्याच राज्यांत उघडे शस्त्र चालते. ते शर्टाखाली न्यायचे तर पूर्वी बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना लागे आणि काही राज्यांत तो आजही लागतो. आपल्याकडे असा पर्याय ठेवलेलाच नाही. शस्त्र दिसता कामा नये, ही परवानाधारकाची जबाबदारी आहे. कमरेला पिस्तूल लावून त्यावरचा शर्ट मुद्दाम मागे सारणारा माणूस रुबाब दाखवत असेल, पण तो नियम मोडतो आहे.

‘झाकलेले’ हा भाग निदान ऐकून तरी माहीत असतो. ‘ताबा’ मात्र विसरला जातो, आणि बंदुकीने जे अनर्थ होतात त्यांतले बहुतेक तिथेच होतात. या प्रकरणात मला मुख्यतः त्याविषयी सांगायचे आहे. त्यासाठी यवतमाळ जिल्हा चांगला आहे, कारण इथे परवान्याची बंदूक वावरातल्या माळ्यावर सापडते, सोन्याचांदीच्या दुकानात सापडते, बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर सापडते आणि अभयारण्याच्या कडेच्या गावातही सापडते.

वावरापासूनच सुरुवात करू. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांमधला हा कापसाचा मुलूख. कापसाच्या ओळींत तूर, पलीकडे सोयाबीन, रब्बीत हरभरा, आणि या सगळ्यांवर रात्री उतरणारे रानडुकरांचे कळप. रोही, म्हणजे नीलगायी, दिवसाही येतात. रानडुक्कर खाते त्याहून जास्त उकरते आणि तुडवते. म्हणून शेतकरी जागलीला जातो: माळ्यावर बसतो, डबा वाजवतो, फटाके फोडतो, आता सौर झटका मशीनची तार ओढतो. ज्यांच्याकडे जुन्या काळापासून परवाना आहे, त्यांच्यापाशी बंदूक असते. बहुधा ठासणीची, क्वचित बारा बोअरची.

ठासणीच्या बंदुकीला शस्त्र कायद्यात खास जागा आहे. १९५९ चा हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याआधी १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या काळातला कायदा होता. त्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले आणि गोऱ्यांना मोकळे सोडले. त्यातला अपमान राष्ट्रीय चळवळीने सतत बोलून दाखवला. स्वतंत्र भारताच्या कायद्याने परवाना कायम ठेवला, पण काही बाबतींत दृष्टी बदलली. कलम १३ म्हणते की नागरिकाला खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, किंवा संरक्षणासाठी वा खेळासाठी निदान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, तर परवाना द्यावा. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर पिकाच्या रक्षणासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. कलम १४ मधली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. तीन एकराचा कोरडवाहू शेतकरीही या कायद्यापुढे अर्जदार आहे. नकार मिळाला तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि अपील करता येते. यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या नकाराविरुद्धचे अपील अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे जाते.

परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली, हा समज मात्र पार चुकीचा आहे. शस्त्र परवाना जिल्हाधिकारी देतात आणि वन्यप्राण्यावर गोळी झाडायची परवानगी वनखाते देते. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारण्याची परवानगी देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, पण ती लेखी असते आणि ती हातात येण्याआधी झाडलेली गोळी ही शिकार ठरते. परवानगीने मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता असतो. त्याची विल्हेवाट वनखाते सांगेल तशी लावायची.

टिपेश्वर अभयारण्य पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत आहे, पैनगंगा अभयारण्य उमरखेडच्या बाजूला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३४ वे कलम या भागातल्या परवानाधारकाला थेट लागू होते. अभयारण्यात किंवा त्याच्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने आपले नाव मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदवायचे असते, आणि त्या टापूत नवा परवाना त्यांच्या संमतीशिवाय देता येत नाही. अभयारण्यात शस्त्र घेऊन जायलाही लेखी परवानगी लागते. नातेवाइकाकडे जाताना जंगलातली वाट जवळची पडते म्हणून खांद्यावर बंदूक टाकून तिकडून जाणे हा गुन्हा आहे, मग काडतूस खिशात असो की नसो.

याच पट्ट्याने २०१८ साली शस्त्राच्या ताब्याचा एक प्रश्न देशभर चर्चेला आणला. पांढरकवडा–राळेगाव भागातल्या ‘टी-१’ या वाघिणीशी, जिला पुढे ‘अवनी’ हे नाव चिकटले, तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला होता. गावे धास्तावली होती, कापूस वेचायला मजूर मिळेनात. पकडता आले नाही तर ठार करण्याचा आदेश निघाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ ती गोळीने मेली. गोळी झाडली ती आदेशात ज्या शिकाऱ्याचे नाव होते त्याने नव्हे, त्याच्या मुलाने. हल्ला झाला म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असे मुलाचे म्हणणे होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने आपल्या अहवालात इतर त्रुटींबरोबर शस्त्र कायद्याच्या भंगाचाही मुद्दा नोंदवला. वाघिणीला मारणे योग्य होते का, यावर यवतमाळात आणि मुंबईत दोन अगदी वेगळी मते ऐकू आली. तेरा घरांतले दुःख ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांनी त्यावर घाईने बोलू नये, असे मला वाटते. पण शस्त्राबद्दलचा प्रश्न त्या वादाहून वेगळा आहे. अधिकार एकाच्या नावावर असतो तेव्हा बापाच्या जागी मुलगा, भावाच्या जागी भाऊ, मालकाच्या जागी गडी उभा राहू शकत नाही. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी दुसऱ्याने शस्त्र नेणे, एवढीच सूट कायदा देतो.

वावरात हे रोज मोडते. जागलीला बापाऐवजी पोरगा जातो आणि बंदूक त्याच्यासोबत जाते. कुणाला त्यात गैर वाटत नाही, कारण बंदूक घरची आहे. पण परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद अशी आहे. पोराला जागलीला जायचेच असेल तर त्याने टॉर्च आणि डबा न्यावा.

ठासणीच्या बंदुकीत आणखी एक धोका आहे, जो आधुनिक बंदुकीत नाही. तिच्या नळीत तोंडाकडून दारू घालतात, वर बूच, मग छर्रे, आणि गजाने ठासतात. घोड्याखाली टोपी बसवली की बार तयार. एकदा ठासली की ती सहजासहजी रिकामी होत नाही. बारा बोअरची दुनळी मोडली, म्हणजे बिजागरीतून उघडली, की काडतूस आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. ठासणीच्या बंदुकीत ते दिसत नाही. त्यामुळे न उडालेला बार तसाच नळीत घेऊन ती घरी येते आणि खुंटीला लागते. आठ दिवसांनी ती कोणी तरी खाली काढते, तेव्हा ती भरलेली आहे हे घरात कोणाला आठवत नाही. म्हणून माळ्यावर पोहोचल्याशिवाय ठासायचीच नाही. बार उडाला नाही तर खाली उतरण्याआधी टोपी काढायची आणि घोडा उतरवून ठेवायचा. नळीतला बार जाणत्या माणसाकडून काढून घेतल्याशिवाय ती बंदूक घरात आणायची नाही. पावसाळ्यात दारू ओल धरते. घोडा पडूनही बार उडाला नाही, तर तो काही क्षणांनी उडू शकतो. अशा वेळी नळीत डोकावणे हा सगळ्यांत वाईट विचार. तोंड मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबायचे.

बारा बोअरवाल्यांसाठी एक साधा नियम: धुरा ओलांडायचा, नाला उतरायचा, तारेखालून जायचे, माळ्यावर चढायचे, मोटारसायकलवर बसायचे, तर आधी बंदूक मोडून काडतुसे बाहेर काढायची. मोडलेली बंदूक कोणावर उडत नाही. चिखलाच्या वावरातून आल्यावर भरण्याआधी नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का हे पाहायचे. नळीत चिखल अडकलेला असताना काढलेला बार नळी फाडतो आणि बोटे नेतो.

गोळी किंवा छर्रे निशाणावर थांबत नाहीत, हेही या मुलखात नीट समजून घ्यायला हवे. पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे दोनशे-अडीचशे मीटर जातात, जनावरांसाठीचे जाड छर्रे अर्धा किलोमीटर ओलांडतात आणि .३२ च्या रिव्हॉल्व्हरची गोळी किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. डिसेंबरात तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. तिच्यात काही हलले तर ते डुक्कर असेल, किंवा पहाटे परसाकडे निघालेले, वेचणीला लवकर आलेले, आपल्यासारखेच जागलीला बसलेले कोणी असेल. ‘हालचाल दिसली म्हणून’ झाडलेल्या गोळीचे समर्थन कोणत्याही न्यायालयात होणार नाही, आणि माणूस स्वतःशीही ते करू शकणार नाही.

आता शहराकडे येऊ. यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवड्यात व्यापारी, सराफ, कंत्राटदार यांच्यापैकी ज्यांच्याकडे परवाना आहे ते बहुधा .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगतात. सरकारी शस्त्रनिर्माणींनी नागरिकांसाठी बनवलेली रिव्हॉल्व्हरे आणि पिस्तुले बहुतेक याच बोअरची आहेत; २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने आणलेले ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हरही .३२ चेच. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचे आणि सुरक्षित ठेवण्याचे प्रशिक्षण घ्यायला लावले आहे. ते प्रमाणपत्रापुरते घेऊ नये. पूर्वीचे परवानाधारक या अटीआधीचे आहेत. त्यांनी वयाचा किंवा अनुभवाचा मान मध्ये न आणता पुन्हा शिकून घ्यावे.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत घात करणाऱ्या जागा वेगळ्या आहेत. पिस्तुलाची मॅगझिन काढली की ते रिकामे झाले, असे वाटते. पण नळीच्या मागच्या कोठीत एक गोळी राहिलेली असू शकते, आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्या बहुधा तिथूनच सुटतात. आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागे ओढून कोठी डोळ्यांनी पाहायची आणि बोटाने चाचपायची. हा क्रम उलटा केला तर मॅगझिनमधली पुढची गोळी आपण स्वतःच कोठीत चढवतो. रिव्हॉल्व्हरचे चाक बाहेर काढले की सगळी घरे दिसतात, म्हणून ते तपासायला सोपे. पण काही जुन्या बनावटींत घोड्याची टोच थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असते आणि शस्त्र हातून पडले तर गोळी सुटते. नव्या बनावटींत मध्ये अडसर असतो. आपल्या शस्त्रात तो आहे का, हे परवानाधारकाला माहीत हवेच. नसेल तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवायचे.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. बाहेरगावी निघायच्या गडबडीत ते रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते, ते हातून निसटले आणि गोळी सुटली, असे सांगण्यात आले. ते बचावले. घटना साधी आहे आणि म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगी. शत्रू नव्हता, भांडण नव्हते. भरलेले शस्त्र होते, घाई होती आणि हाताची पकड सुटली होती.

कमरेला पिस्तूल खोचणे, म्हणजे होलस्टरशिवाय पँटच्या पट्ट्यात अडकवणे, सिनेमाने शिकवलेली सगळ्यांत धोकादायक सवय आहे. चांगले होलस्टर तीन कामे करते: चाप पूर्ण झाकते, धावताना-वाकताना शस्त्र पडू देत नाही आणि ते अंगावर एकाच जागी ठेवते. चापावर काहीही जाता कामा नये. शस्त्र परत आत ठेवताना शर्टाचे टोक, जॅकेटची दोरी, किल्ल्यांचा जुडगा चापात अडकतो, हात दाबतो आणि गोळी मांडीत जाते. म्हणून ठेवताना घाई नको. एका हाताने कपडा बाजूला धरायचा, बोट चापाबाहेर सरळ, डोळे होलस्टरवर. बाहेर काढणे जितके जलद असावे असे वाटते, तितकेच परत ठेवणे सावकाश असावे.

आणि ताबा. मोटारीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेले पिस्तूल झाकलेले आहे, पण धाब्यावर जेवायला उतरल्यावर त्यावर ताबा कोणाचा? एसटीत वरच्या रॅकवर टाकलेल्या पिशवीवर कोणाचा? लग्नघरी खुंटीला टांगलेल्या जॅकेटवर? शस्त्र अंगावर ठेवता येणार नाही अशा ठिकाणी जायचे असेल, तर ते घरी कुलपात ठेवून निघायचे. दारू पिण्याची शक्यता आहे त्या संध्याकाळी शस्त्र घरातून बाहेरच काढायचे नाही. यावर कायद्यात काय आहे हे शोधत बसू नये. एवढे माणसाने स्वतःच ठरवावे.

८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात गोळ्या झाडून हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याचे नव्हते. ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, आणि अंगरक्षकालाही शस्त्र कायद्याखाली अटक झाली. ते पिस्तूल झाकलेले होते की उघडे, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. ते परवानाधारकाच्या हातात नव्हते, एवढेच पुरेसे होते.

वापराबद्दल बोलायचे तर शस्त्र बाळगणारा माणूस भांडणात सगळ्यांत आधी माघार घेणारा असायला हवा. रस्त्यावर कट मारल्यावरून, धुऱ्याच्या वादावरून, वरातीत गाणे लावण्यावरून शस्त्रावर हात नेणे म्हणजे धमकी, आणि धमकीलाही शिक्षा आहे. स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. पोलिसांकडे जायला वेळ असेल तिथे तो मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा तो देत नाही. दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग अशा प्रसंगी तो जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. जिवाची भीती नसलेल्या साध्या चोरीत जात नाही. रात्री वावरातून वेचलेला कापूस उचलून पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर गोळी झाडणारा शेतकरी कायद्याने खुनाच्या आरोपाला सामोरा जाईल. कापूस वर्षभराच्या घामाचा असतो हे खरे, पण त्याची भरपाई होऊ शकते.

हवेत बार काढण्याविषयी थोडेच सांगतो. वर गेलेली गोळी खाली येते, आणि येताना कवटी फोडण्याइतका वेग तिच्यात राहू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

बाहेर पडताना परवाना सोबत असू द्या; कलम १९ नुसार पोलीस अधिकारी तो मागू शकतात. त्यांच्याशी बोलताना हात दिसतील असे ठेवायचे, शस्त्र अंगावर आहे हे आधी तोंडाने सांगायचे आणि ते कसे काढायचे हे त्यांना सांगू द्यायचे. सण-उत्सवांच्या आणि मोर्चांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. यवतमाळची दुर्गापूजा पाहायला लोटणाऱ्या गर्दीत शस्त्र घेऊन जाण्याचे काहीही कारण नसते. निवडणुकीत शस्त्रे जमा करायला सांगतात. ती सरसकट न मागता छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले आहे. नोटीस आली असेल तर मुदतीत जमा करा आणि आक्षेप लेखी नोंदवा.

नागपूरहून विमानाने जाणाऱ्यांनी बॅग घरीच उलटी करून झटकावी. देशभरच्या विमानतळांवर हातपिशवीच्या कोपऱ्यात विसरलेले एखादे काडतूस क्ष-किरणांत दिसते आणि प्रवासी ठाण्यात बसतो. आपल्याजवळ वस्तू आहे याची जाणीव असल्याशिवाय तो ताबा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सांगितले आहे. त्या आधारावर अनेकांची पुढे सुटका होते, पण विमान चुकते आणि न्यायालयाच्या चकरा सुरू होतात. काडतुसे मोजून ठेवणारा माणूस या फेऱ्यात सापडत नाही.

घरातल्या बंदुकीबद्दल मला जास्त काळजी वाटते. शस्त्र लोखंडी कपाटात कुलपाआड, काडतुसे दुसऱ्या कुलपाआड, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाकडे. गादीखाली, उशाशी, देवघराच्या मागे ठेवलेले शस्त्र मुलांना सगळ्यांत आधी सापडते. आणि यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत या जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले आहे. निराशेची लाट बरेचदा काही तासांची असते; त्या तासांत हाताशी प्राणघातक साधन नसेल तर माणूस वाचतो, हे जगभर दिसून आले आहे. कीटकनाशकाच्या डब्याला जे लागू आहे तेच बंदुकीलाही. घरात कोणी खचलेले असेल, झोप उडालेली असेल, बोलणे तुटलेले असेल, तर बंदूक त्या दिवशीच घराबाहेर गेली पाहिजे. परवाना शाबूत ठेवून शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. त्यात कमीपणा काही नाही. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतही बोलता येते.

शेवटी वारसाच्या बंदुकीविषयी, कारण या जिल्ह्यातल्या जुन्या घरांत तीच जास्त असेल. परवाना आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन काही वर्षे झालेली, आणि बंदूक अजून माडीवर. कोणी वापरत नाही, म्हणून कोणाला धोका वाटत नाही. पण परवानाधारक गेल्यावर ती बंदूक घरात ठेवणे बेकायदा होते. ती विनाविलंब जमा करायची असते. हयातीतच ती पुढच्या पिढीकडे देण्याची सोयही २०१६ च्या नियमांत आहे: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर त्याच्या कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. तुमच्या घरात अशी बंदूक असेल तर तिला हात लावण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, ती भरलेली असू शकते हेही सांगा, आणि जाणत्या माणसाकरवी ती रिकामी करून जमा करा. जमा केल्याची पावती घ्यायला विसरू नका. वारस म्हणून परवान्याचा अर्ज करताना ती जोडा.